अनवाणीचे जोडे

(नाशिक, डिसेंबर २००९. मैदानाच्या कडेची, खेळाचं सामान ठेवायची खोली. शनिवारची दुपार.)

ललिता – पुन्हा घाल.

पायल – मॅडम, आत्ताच दोनदा घातला ना.

ललिता – आणखी एकदा. माझ्यासमोर, सावकाश.

पायल – टाच जाते आत. पण पुढं...

ललिता – पुढं काय?

पायल – अंगठा दुमडतो.

ललिता – दिवाळीआधी दुमडत नव्हता.

पायल – नव्हता.

ललिता – दिवाळीआधी ह्याच बुटात तुझी बोटं ऐसपैस पसरायची. अंगठ्याच्या पुढं माझं एक बोट मावत होतं, मी दाबून पाहिलं होतं. सुनील अमेरिकेहून फोनवर तेच तर सांगत होता, की ताई, ह्या बुटात टाच नाही, गादी नाही, सगळी करामत पुढच्या जागेत आहे. बोटं अनवाणी असल्यासारखी मोकळी राहिली पाहिजेत. आणि आता बघ. पाय आहे की पिशवीत कोंबलेली कोंबडी?

पायल – माझा पाय वाढला असेल.

ललिता – सतराव्या वर्षी? दिवाळीच्या सुट्टीत? बरं, ती तुझी चप्पल आण इकडे. जूनमध्ये घेतलेली तीच ना?

पायल – तीच.

ललिता – घाल. होते?

पायल – होते.

ललिता – घट्ट?

पायल – नाही.

ललिता – म्हणजे पाय आहे तेवढाच आहे. बूट बदललाय.

पायल – बदलला म्हणजे?

ललिता – ते तू सांगायचं. हा तळ बघ. सुनीलनं पाठवला तेव्हा हा बूट मी पोळीसारखा गुंडाळून दाखवला होता सगळ्या मुलींना. आठवतंय? सगळ्या हसल्या होत्या. आता वाकवते तर करकरतोय. पापड झालाय नुसता.

पायल – पळून पळून झाला असेल.

ललिता – पळून रबर झिजतं, पायल. कडक होत नाही. झिजायला लागलं तर चवड्याखाली झिजेल, तू चवड्यावर पळतेस म्हणून. झिजला असता तर मी एक शब्द बोलले नसते. पातळ तळ आहे, लवकर झिजणारच, ते मी आधीच सांगितलं होतं. पण आकसलेला बूट मी जन्मात पाहिला नाही. हा आपला बूट नाही.

पायल – आपलाच आहे.

ललिता – मोजा काढ.

पायल – राहू दे ना मॅडम.

ललिता – काढ म्हणते ना. हे काय? नख काळं पडलंय. आणि करंगळीला फोड. कधीपासून?

पायल – गावाहून आल्यापासून.

ललिता – आणि मी रोज ओरडतेय, पायल मागं पडली, पायल घरी जाऊन आळसावली. एक दिवस तोंड उघडलं नाहीस?

पायल – उघडलं असतं तर तुम्ही म्हणाला असता...

ललिता – काय म्हणाले असते?

पायल – हेच. जे आता म्हणताय.

ललिता – तोंड बरंच चालतं की. मग सरळ विचारते. विकलास का?

पायल – नाही.

ललिता – कोणाला देऊन टाकलास, आणि त्याच्यासारखा दिसणारा नकली बाजारातून उचललास? घरची अडचण असेल, माझं काही म्हणणं नाही. फक्त खरं सांग. मागच्या वर्षी एकीला मी नवे स्पाइक्स दिले. आठवड्यात तिचा भाऊ ते घालून क्रिकेट खेळत होता. मी विचारलं तर म्हणे, मॅडम, चोरीला गेले. रडली पण इतकं छान की मीच तिला चहा पाजला.

पायल – ती मी नाही.

ललिता – तेच ठरवायचंय. आज संध्याकाळपर्यंत मला पुण्याला एक नाव कळवायचंय. एकच. उद्या सकाळी त्यांची माणसं येणार, गंगापूर रोडला चाचणी घेणार, आणि पास झालेली मुलगी थेट पुण्याच्या स्पोर्ट्स हॉस्टेलला. राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिकडे. मी खोटारड्या मुलीचं नाव देणार नाही, मग ती कितीही जोरात पळो.

पायल – मॅडम, एक सांगू? रागावू नका.

ललिता – बोल.

पायल – सविता.

ललिता – सविता काय? तुझ्या खोलीतली सविता?

पायल – तिचा पाय माझ्याहून लहान आहे. बूट आले तेव्हा तिनं घालून पाहिले होते. म्हणाली होती, मला सैल होतात, मला मापाचे कोण देणार. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. मी गावाहून आले तर पिशवी खोलीत ठेवून अंघोळीला गेले. आले तर ती पिशवीजवळ उभी. दुसऱ्या दिवशी बूट होईना.

ललिता – म्हणजे सवितानं बदलला?

पायल – मला तसं वाटतं.

ललिता – तिला विचारलंस?

पायल – नाही. मी बोलतच नाही तिच्याशी तेव्हापासून.

ललिता – एका खोलीत झोपता आणि बोलत नाही?

पायल – तिकडं तोंड करून झोपते.

ललिता – आणि सविताला असा दुसरा बूट मिळाला कुठून? नाशकात कुठल्या दुकानात हा बूट दिसत नाही, मी विचारून आलेय. दुकानदार मला म्हणाला, बाई, टाच नसलेला बूट म्हणजे मोजाच झाला, मोजे त्या कपाटात आहेत. थांब. तो बूट घे. नाडीखालची जीभ बाहेर ओढ.

पायल – कशाला?

ललिता – ओढ तर. आतल्या बाजूला बघ. काय दिसतंय?

पायल – लाल ठिपका आहे.

ललिता – दाखव. हां. आहे. दुसऱ्यात?

पायल – त्यातपण आहे. हे काय आहे?

ललिता – नेलपॉलिश. माझं.

पायल – तुम्ही खूण केली होती?

ललिता – केली होती.

पायल – मला न सांगता?

ललिता – सांगून खूण करतात का कोणी?

पायल – म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला वाटत होतं, की मी विकणार.

ललिता – मला काही वाटत नव्हतं. मी सगळ्याच सामानाला खूण करते. त्या भाल्यालाही केलीय.

पायल – भाला कोणी घरी नेत नाही, मॅडम.

ललिता – विषय बदलू नको. खूण आहे म्हणजे बूट तोच आहे. सविताचा संबंध संपला. आता तर मला काहीच कळेनासं झालं. कोणाला घालायला दिला होतास?

पायल – दिला असता तर सैल झाला असता. दुसऱ्याच्या पायानं बूट लहान कसा होईल?

ललिता – तेही खरं. थांब, हा वास कसला?

पायल – घामाचा असेल.

ललिता – घामाचा वास मला शिकवू नको, आयुष्य गेलं त्यात. हा बिडीचा वास आहे. नीट घे. बिडी. आणि त्याच्यामागून अजून एक काहीतरी येतंय. सुकट?

पायल – हॉस्टेलला कुठली सुकट, मॅडम. अंडं पण रविवारी मिळतं.

ललिता – तुझे वडील बिडी ओढतात?

पायल – तंबाखू खातात. आणि ते आता ऊसतोडीला गेलेत.

ललिता – मग बिडी ओढणारं कोण आहे?

पायल – कोणी नाही.

ललिता – पायल, माझ्याकडे बघून बोल. कोणी मुलगा आहे का?

पायल – मॅडम.

ललिता – मला विचारावंच लागेल. तुझ्या आईला मी निरोप धाडलाय. दिंडोरीकडच्या ज्या बागेत त्या द्राक्षाच्या कामाला आहेत ना, त्या बागायतदाराच्या मोबाईलवर. आज येतील त्या. आल्या की त्यांच्यासमोर बोलू.

पायल – आईला काय सांगितलंत?

ललिता – काही नाही. तुमच्या मुलीविषयी बोलायचंय, ताबडतोब या, एवढंच.

पायल – एवढंच?

ललिता – का?

पायल – मॅडम, ती मला न्यायलाच येईल.

फुलाबाई – आत येऊ का?

पायल – आली बघा.

ललिता – या, फुलाबाई. बसा. त्या गादीवर बसा. लगेच आलात.

फुलाबाई – तुमी म्हनल्या ताबडतोब. मी झाडाखालून उठली ती तशीच निघाली. कात्री बी हातातच ऱ्हायली, बघा. एश्टीत एक मानूस माझ्यापासून लांब सरकून बसला. पायल, गं, कपडे भर.

पायल – आई, आधी ऐक तरी.

फुलाबाई – ऐकायचं काय? मास्तरनीनं आईला ताबडतोब बोलावलं म्हंजी काय असतंय ते मला कळतं. आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या पोरीचं बी असंच झालं. ताबडतोब या. गेले तवा पोरगी एका डायवरसंगं निघून गेलेली. कोन हाय तो?

पायल – कोणी नाही गं.

फुलाबाई – बाई, तुमी सांगा. कोन हाय?

ललिता – फुलाबाई, तसं काही झालेलं नाही. निदान मला अजून तसं माहीत नाही.

फुलाबाई – अजून. ऐकलंस का, पायल? बाई अजून म्हनल्या.

ललिता – प्रश्न ह्या बुटांचा आहे.

फुलाबाई – जोड्यांचा? जोड्यासाठी मला बोलावलं? माझा आजचा रोज बुडला.

ललिता – हे साधे बूट नाहीत. माझ्या भावानं अमेरिकेहून पाठवलेत. अनवाणी पळणाऱ्यांसाठी असतात.

फुलाबाई – अनवानी पळनाऱ्याला जोडे?

ललिता – हो. म्हणजे अनवाणी पळाल्यासारखंच वाटतं, पण काच लागत नाही, डांबर पोळत नाही.

फुलाबाई – पायलनं सांगितलं व्हतं तवा मी म्हनली, ही माझी मस्करी करती. तिकडची मानसं अनवानी पळायला शिकत्यात म्हनं.

ललिता – शिकतात खरी.

फुलाबाई – त्यांना आमच्या पाड्यावर धाडा. आमी फुकट शिकवू. बरं, एक इचारू का बाई? राग नका धरू. तुमच्याकडं इतक्या पोरी. माझ्याच पोरीला अमेरिकेचे जोडे काऊन?

ललिता – कारण ती चांगली पळते.

फुलाबाई – चांगली तर आमच्याकडं शेळी बी पळती. तुमी पोरीला खोली दिली, खायला दिलं, आता जोडे दिले. मी रातीला पडल्या पडल्या इचार करती, ही बाई येवढं देती, तर मंग घेनार काय? रानातली कोंबडी धरायची तर आधी दानेच टाकत्यात.

ललिता – मी तुमची मुलगी घेऊन काय करू?

फुलाबाई – पुन्याला धाडनार ना? आता सुट्टीला तरी दिसती. पुन्याला गेली की ती आमची ऱ्हानार हाय का? तुमीच सांगा.

ललिता – ते मला सांगता येणार नाही.

फुलाबाई – खरं बोलल्या. मला वाटलं, ऱ्हाईल म्हनाल.

पायल – आई, मी कुठं जात नाही. मॅडम माझं नाव देणारच नाहीत.

फुलाबाई – का?

पायल – त्यांना वाटतं, मी बूट विकले. नाही तर कोणाला दिले.

फुलाबाई – आं? हे तर तुझ्या पायाशीच पडलेत की.

ललिता – हेच कळत नाही ना, फुलाबाई. बूट तोच आहे, पण लहान झालाय. कडक झालाय. हिचं नख बघा, काळंनिळं. आणि बुटाला बिडीचा वास येतोय. तुमच्या घरात कोणी ओढत नाही म्हणते ती. मग माझ्या मनात...

फुलाबाई – बिडीचा वास? बाप्याचा?

ललिता – मी तसं म्हणत नाही.

फुलाबाई – दुसरं काय म्हनता मंग? पायल, इकडं बघ. माझी शपथ घे.

पायल – आई, कोणी नाही. कोणी म्हणजे कोणी नाही.

फुलाबाई – बाई, तो जोडा द्या इकडं. मला नाक हाय. बिडी कोनती, ते बी सांगीन मी.

ललिता – घ्या.

फुलाबाई – हं.

ललिता – येतोय ना?

फुलाबाई – थांबा. दुसरा द्या.

पायल – आई, काय झालं?

फुलाबाई – हा तर आपला वास हाय.

ललिता – आपला म्हणजे?

फुलाबाई – माझ्या चुलीचा. बिडी नाय बाई ही. धूर हाय, सागाच्या ढलप्यांचा. अन ही सुकट. सुकटीची पुडी तिथंच टांगलेली असती.

ललिता – कुठं तिथं?

फुलाबाई – चुलीच्या वर. बांबूचा माळा असतो ना, त्याच्यावर. मीच ठेवले व्हते जोडे तिथं.

पायल – तू? कधी?

फुलाबाई – तू दिवाळीला, वाघबारशीच्या दिशी आली तवा. पिशवी खुंटीला लावली अन निघाली पोरींसंगं हिंडायला. मी काढले, माळ्यावर ठेवले. सुट्टीभर तू पिशवीत डोकावली बी नाय. तू निघायच्या सकाळी पुसून पुन्यांदा पिशवीत घातले.

पायल – मला सांगितलं नाहीस.

फुलाबाई – सांगायचं काय त्यात? चांगली वस्तू घरात आली की आपन ती कुठं ठेवतो? बियानं कुठं ठेवतो? काकडीचं बी, मक्याची कनसं, नव्या टोपल्या, सगळं कुठं असतंय?

पायल – माळ्यावर.

फुलाबाई – धुरात ठेवलं की कीड लागत नाय. माझ्या सासूच्या हातची टोपली अजून हाय घरात. तूच म्हनली व्हतीस, आई, हे जोडे टिकले पायजेत.

पायल – मी मॅडमचं बोलणं सांगितलं होतं तुला. पातळ तळ आहे, लवकर जाईल, जप. हे गेले की दुसरे नाहीत.

फुलाबाई – तेच मी मनात घोळवलं. दुसरे नाहीत. मंग मी माझ्या परीनं जपले. चूल बी जास्त वेळ पेटती ठेवली, धूर चांगला मुरावा म्हनून. बाई, तुमी डोक्याला हात का लावला? काय चुकलं का माझं?

ललिता – फुलाबाई, हे टोपलीसारखं नसतं. हा फोम आहे. खाली रबर, वर जाळीचं कापड, मध्ये डिंकासारख्या पदार्थानं चिकटवलेलं. ह्याला शेक लागला की ते आकसतं.

फुलाबाई – आकसतं?

ललिता – वांगं भाजल्यावर साल कशी चुरमुडते, तसं.

फुलाबाई – पन जळलं नाय कुठं.

ललिता – जळलं असतं तर लगेच कळलं असतं. हळूहळू शेकलं, म्हणून दिसलं नाही.

फुलाबाई – मंग ह्याला टिकवायचं कसं? कीड...

ललिता – बुटाला कीड लागत नाही.

फुलाबाई – मंग काय लागतं?

ललिता – झीज.

फुलाबाई – ती कशानं थांबती?

ललिता – न पळाल्यानं.

फुलाबाई – म्हंजी हिचं नख माझ्यामुळं गेलं.

पायल – नाही गं आई. नख काय, परत येतं.

फुलाबाई – दाखव पाय. अगं, हा फोड तर फुटला हाय. इतके दिस असाच कोंबून पळत व्हतीस? तोंड नव्हतं तुला? अनवानी पोरगी तू. काटा रुतला तर सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं बोंबलायची. कोनाला भ्याली व्हतीस?

पायल – कोणाला नाही.

फुलाबाई – मला भ्याली?

पायल – नाही.

ललिता – मला. मला भ्याली ती.

फुलाबाई – तुमी मारता का बाई?

ललिता – मारत नाही. खुणा करते.

फुलाबाई – मला कळलं नाय.

ललिता – काही नाही. पायल, नाव देते मी तुझं.

पायल – पण बूट?

ललिता – तोच विचार करतेय. अनवाणी पळशील?

पायल – पळेन.

फुलाबाई – गेल्या साली काच घुसली व्हती, ती कुठल्या रस्त्यावर?

पायल – त्याच, गंगापूर रोडला. पण आई, ती चुकून.

फुलाबाई – उद्या बी चुकूनच घुसंल. मुद्दाम कोन घालतं.

ललिता – माझे साधे बूट आहेत, गादीचे. मापाचे होतील.

पायल – मॅडम, त्यात मला जमीनच लागत नाही. तुम्ही पाहिलंत ना जुलैमध्ये, दोनदा पडले. गादीवर चालल्यासारखं होतं. पाय कुठं पडतो तेच कळत नाही.

ललिता – तेही बरोबर. पाण्यात भिजवून लाकडाचा ठोकळा घातला तर सैल होईल का, बघितलं असतं. पण रात्रीत नाही होणार.

फुलाबाई – जागा कुठं पायजे?

ललिता – पुढं. बोटांना. टाच बसतेय, मधला पाय पण बसतोय. फक्त पुढं कोंडतोय.

फुलाबाई – मंग पुढचं तोंड कापा.

ललिता – कापू?

फुलाबाई – बोटं बाहेर येऊ द्या. तळ तर खाली ऱ्हाईलच ना, काचेला? ही घ्या कात्री. द्राक्षाच्या घडातले मनी काढायची हाय, टोक बारीक हाय. जाळीत जाईल.

ललिता – अहो, पण कापला की तो बूट संपला. शिलाई उसवत मागं येणार. महिनाभर टिकणार नाही. सुनीलला काय सांगू? अमेरिकेहून पाठवलेला बूट पहिल्याच वर्षी कात्रीनं...

फुलाबाई – टिकवायला जाऊन तर मी बिघडवला. आता उद्याच्या पुरता टिकू द्या.

ललिता – पायल?

पायल – कापा, मॅडम.

ललिता – फुलाबाई, तुम्हीच कापा. तुमचा हात कात्रीवर बसलेला आहे.

फुलाबाई – मी नाय. ह्या जोड्याला आता माझा हात नको. तुमी कापा, मी धरती.

ललिता – घट्ट धरा. शिलाईच्या वरून घेते. इथून?

फुलाबाई – आनखी मागून. अंगठ्याचं हाड कुठं येतंय ते बघा ना. पायल, पाय धर शेजारी. हां. इथून.

ललिता – कडक झालंय हो फार.

फुलाबाई – सागाचा धूर हाय. मी म्हनली व्हती, चांगला मुरंल.

पायल – आई.

फुलाबाई – काय आई? हसू नको. बाई बी हसाया लागल्या.

ललिता – नाही, नाही. हा झाला एक. दुसरा द्या. आता अंदाज आला.

फुलाबाई – कापताना तुमचं तोंड असं झालं जशी माझीच बोटं कापताय.

ललिता – पहिल्यांदा मी काहीतरी बिघडवतेय, आणि मला बरं वाटतंय. घाल गं. काळ्या नखावर आधी कापूस ठेव. बांध. उभी राहा.

पायल – बोटं बाहेर आली.

फुलाबाई – कासवावानी.

ललिता – त्या कडुलिंबापर्यंत जाऊन ये. सावकाश. टाच टेकवू नको.

फुलाबाई – बाई, ती तिकडं गेली तवर एक सांगा. पुन्याला खायला कसं देत्यात?

ललिता – चांगलं देतात. दूध, अंडी, सगळं.

फुलाबाई – भात?

ललिता – भात पण.

फुलाबाई – घरी कवा सोडत्यात?

ललिता – दिवाळी आणि मे महिना.

फुलाबाई – वाघबारशीला?

ललिता – वाघबारस दिवाळीतच ना. मी स्वतः बघेन. तेवढा शब्द देते. पुढचं माझ्या हातात नाही.

फुलाबाई – तुमी शब्द जपून देता. मंघाशी बी दिला नाय.

ललिता – खोटा कशाला देऊ.

फुलाबाई – मी हिचे कपडे भरायला आली व्हती. ह्या फडक्यात बांधून न्यायचे म्हनून मोकळं फडकं आनलंय. आता ते काय करू?

ललिता – रात्री माझ्याकडे राहा. सकाळी ती पळताना बघा. फडकं अंथरायला घेऊ.

फुलाबाई – तुमच्या घरी?

ललिता – हो. का, दाणे टाकतेय असं वाटतंय?

फुलाबाई – जरा वाटतंय. पन ऱ्हाती.

ललिता – आलीस? काय वाटतंय?

पायल – वारा लागतोय बोटांना.

ललिता – आणि खाली?

पायल – जमीन लागते, मॅडम. पहिल्यासारखी नाही, तळ कडक आहे. पण लागते. खडासुद्धा कळतो.

ललिता – नख?

पायल – ठणकतंय थोडं. पळेन.

ललिता – थांब, फोन लावते. हॅलो, मी नाशिकहून बोलतेय, ललिता. नाव घ्या. पायल. हो, हरसूलकडच्या पाड्यावरची. नाही, अनवाणी नाही पळणार, बूट आहेत. हो, घालूनच पळेल. कोणते? आता कसे सांगू तुम्हाला. उद्या बघा तुम्ही. बरं. ठेवते.

पायल – ते हसतील उद्या.

ललिता – हसू देत. घड्याळ हसत नाही. पायल, त्या खुणेचं. बाटली आहे घरी, रिमूव्हरची. पुसून टाकू का?

पायल – राहू दे, मॅडम.

ललिता – राग नाही?

पायल – आहे थोडा. पण खूण नसती तर मी अजून सविताचंच नाव घेत बसले असते.

फुलाबाई – सविता कोन?

पायल – माझ्या खोलीतली. तिच्यावर मी आळ घेतला होता, आई. मनातल्या मनात. तिला माहीतपण नाही, मी का बोलत नाही ते.

फुलाबाई – मंग जा की. सांग तिला.

पायल – काय सांगू? कशी सुरुवात करू?

ललिता – आधी बूट काढून ठेव. उद्यापर्यंत उसवले तर पुन्हा कापायला जागा नाही. आण, कपाटात ठेवते, कुलूप लावून.

पायल – नको ना, मॅडम. जाऊन येते एवढ्यात. घालूनच जाते.

ललिता – कशाला?

पायल – ही बोटं बघून ती हसेल. ती हसली की मग मला बोलता येईल.